तार पोचली होती

माझा भाचा पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. मागच्या दिवाळीत घरी आला तो तोंड पाडूनच. फराळाला हात लावेना. विचारलं तर म्हणाला, "मामा, एका मशीनकडून दुसऱ्या मशीनकडे माहितीची पाकिटं जातात. त्यातली काही हरवत होती. वायर तपासली, मधली यंत्रं तपासली, सगळं ठीक. शेवटी कळलं, पाकीट पोचत होतं. पोचल्यावर मशीनच्या आतली प्रणालीच ते टाकून देत होती. पाठवणाऱ्याकडे उलट जायची वाट तिला खात्रीची वाटत नव्हती. आणि टाकून दिलं हे कुणाला सांगायचं, तर तेही नाही."

मी म्हटलं, "गाढवा, मला विचारायचंस. मी हे पाटणच्या खोऱ्यात बघितलंय, तुझा जन्मही झाला नव्हता तेव्हा."

तो हसला. त्याला वाटलं म्हातारा नेहमीसारखा फेकतोय. मला हसू आलं नाही. त्या रात्री जेवणही गेलं नाही.

सत्तरच्या दशकाची सुरुवात, दुष्काळ नुकताच सरला होता. मी मूळचा सांगलीचा, तार खात्यातला. बदली झाली ती कोयनेच्या बाजूला, पाटणच्या आतल्या एका लहान ऑफिसात. गावाचं नाव सांगत नाही, ज्यांची ही गोष्ट त्या घरची माणसं अजून तिथं आहेत. पोस्टाच्या अर्ध्या खोलीत माझं टेबल, टेबलावर कडकट्ट वाजणारं यंत्र, खिडकीबाहेर चार महिने पाऊस. भिंतीला बुरशी, कपड्यांना बुरशी आणि खरं सांगायचं तर मलाही. सांगलीच्या माणसाला त्या खोऱ्यात टाकलं की त्याचं डोकं फिरतंच. माझं आधीच फिरलेलं होतं. गावात मला 'चावरा मास्तर' म्हणायचे आणि त्यात काही खोटं नव्हतं.

खोऱ्यात घरटी एक माणूस फौजेत, दुसरा मुंबईला. मागं राहायच्या त्या बायका, म्हातारी माणसं आणि रेडे. भातलावणी आली की हात कमी पडायचे. मग गावानं एक उपाय काढला होता. फौजेतल्या पोराला तार करायची: 'मदर सीरियस, कम सून.' इंग्रजीचा गंध नसलेल्या बायासुद्धा हे चार शब्द देवाचं नाव घ्यावं तसे घडाघडा म्हणायच्या. लावणीला आई सीरियस, जत्रेला आई सीरियस, बहिणीचं लग्न ठरलं की आई पुन्हा सीरियस. एकदा तर जिला सीरियस करायचं होतं ती सासूबाई स्वतः डोक्यावर पाटी घेऊन सुनेबरोबर तार करायला आली. मी यंत्राची कळ दाबत होतो आणि ती खिडकीत उभी राहून विचारत होती, "झाले का वं मी शिरीस?"

मी कुणाला अडवलं नाही. तार खरी की खोटी हे बघायचं काम माझं नव्हतं. शब्द मोजायचे आणि पुढे ढकलायचे, खात्यानं मला एवढंच शिकवलं होतं.

माझ्या खोलीच्या आळीत एक म्हातारी राहायची. नवरा कधीच गेलेला, एक मुलगी शेजारच्या गावात दिलेली, एक मुलगा उत्तरेला सरहद्दीवर. मी नवा आलो आणि खानावळीच्या जेवणानं आडवा झालो, तेव्हा या बाईनं न सांगता सवरता नाचणीची आंबील पाठवली होती, चांगली आठवडाभर. वर भांडं परत द्यायला गेलो तर म्हणाली, "मास्तर, सांगलीकडची मानसं अशीच ढिली व्हय?" मी खेकसलो. ती हसली. गावात माझ्यावर हसायची हिंमत तिच्या एकटीचीच.

त्या पावसाळ्यात तिच्या पोटात पाणी झालं. पाय खांबासारखे सुजले. मुलगी सासर सोडून आईपाशी येऊन राहिली. बैलगाडी, मग एस.टी. करून कराडला नेलं. तिथल्या डॉक्टरनं मुलीला बाजूला घेऊन सांगितलं, भाऊ असेल तर बोलावून घ्या. म्हातारीला कुणी काही सांगितलं नाही, पण तिला सगळं कळत होतं. तिचं एकच म्हणणं होतं, जाताना तोंडात पाणी घालायचं ते पोरानं. तो येईपर्यंत मी हलत नाही, असं ती उघड सांगायची.

मुलगी खिडकीशी आली. लावणी ऐन भरात होती. माझ्यापुढे त्या आठवड्यातल्या सीरियस आयांचा ढीग पडला होता.

"आवं मास्तर, तार करायचीया. आय शिरीस. पन ही खरी हाय."

"बरं."

"खरी हाय असं लिवता येत न्हाई का?"

मी मान वर केली. एरवी खेकसलो असतो. 'खरी' असं लिहायला तारेत शब्द नव्हता. मी 'सीरियस'च्या आधी 'व्हेरी' घातलं. अर्थात 'व्हेरी' तर सगळेच घालायचे.

तार गेली. उत्तर नाही. पोरगाही नाही. दुसरी केली, तिचीही तीच गत. मी संध्याकाळी आळीतून जायला लागलो की म्हातारी उंबऱ्याला टेकून बसलेली दिसायची. पाऊस थांबला की मुलगी तिला तिथं आणून बसवायची. ती विचारायची, "मास्तर, आलं का वं काय?" मी नाही म्हणायचो. काही दिवसांनी तिनं विचारणं सोडलं आणि शेजारणीला ऐकू जाईल असं म्हणायला लागली, "फौजंत गेल्यावर आय कुटली आठवतीया. इसरलं पोरगं." ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पोरावर नव्हे, माझ्या तारेवर. मी पाठवलेली गोष्ट जाते कुठं?

शोधायला लागलो. पहिला संशय पावसावर. ओल्या तारांतून वीज झिरपते, मोर्सचे ठिपके एकमेकांत मिसळतात आणि पलीकडे भलताच शब्द उठतो. लाइनमनला घेऊन चिखलातून खांबाखांबानं फिरलो. दोन ठिकाणी झाडाची फांदी तारेला टेकलेली होती, ती तोडली. परत येऊन कराडच्या तारबाबूला म्हटलं, ती तार तुझ्याकडे जशी उतरली तशी मला उलट वाचून दाखव. त्यानं अक्षरन् अक्षर वाचलं. पत्ता बरोबर, नंबर बरोबर, 'व्हेरी'सुद्धा जागेवर.

मग पुढच्या टप्प्याला विचारलं. खात्यात एका ऑफिसनं दुसऱ्याला तारेबद्दल तार करून विचारायची सोय असते. कराड म्हणालं, पुढे गेली. पुण्याला विचारलं, पुढे गेली. उत्तरेकडच्या मोठ्या ऑफिसला विचारलं, तिकडून चार दिवसांनी आलं: पुढे गेली. च्यायला, सगळ्यांकडून पुढे गेली आणि कुणाकडेच पोचली नाही, असं कसं होईल? मी चिडून तीच चौकशी पुन्हा पाठवली, वर जरा कडक शब्द घालून. शेवटच्या ऑफिसचं उत्तर आलं ते मी दोनदा वाचलं. दोन्ही तारा पोचल्या होत्या. पलटणीच्या कचेरीनं सही करून घेतल्या होत्या.

म्हणजे वाटेत काहीच हरवलं नव्हतं.

त्या दिवशी मी पहिल्यांदा म्हातारीचं बोलणं खरं मानलं. विसरला लेकाचा. मुलीला तसं तोंडावर सांगितलंही. ती म्हणाली, "माझा भाऊ तसा न्हाई. तुमी दुसरं कायतरी बगा." तिच्या त्या बोलण्यानं मला झोंबलं आणि मी पुन्हा डोकं लावलं.

वाट ठीक, माणूस ठीक, तर मग उरलं काय? उरली ती तारेतली गोष्ट. मी मुलीला म्हटलं, आता वेगळीच तार करू. आजारपणाचा शब्दही नको. 'शेताची मोजणी आहे, तुझी संमती कळव.' आणि जवाबी तार केली, म्हणजे उत्तराचे पैसे आधीच भरलेली. मोजणी वगैरे काही नव्हती. मला फक्त बघायचं होतं, तीच वाट, तोच पत्ता, तोच माणूस, पण दुसरी गोष्ट पाठवली तर काय होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी यंत्र वाजायला लागलं. मी शब्द उतरवत गेलो. पोराचंच उत्तर होतं, इंग्रजीत, अर्थ असा: मोजणीला संमती आहे. आई ठणठणीत असल्याचं पोलिसांनी कळवलं आहे. खोट्या तारा बंद करा.

तार पोचत होती. पोचल्यावर आत कुणीतरी ती टाकून देत होतं, आणि पाठवणाऱ्याला कळवत नव्हतं.

मी टेबल तसंच सोडून पोलीस ठाण्यात गेलो. आमच्या बीटचा हवालदार मला ओळखत होता. पन्नाशीचा, गुडघे दुखणारा, तसा सज्जन माणूस. मी आरडाओरडा सुरू केला तसा त्यानं मला बाकावर बसवलं आणि चहा मागवला.

"मास्तर, शांत व्हा. हे असं हाय. तुमच्या खोऱ्यातनं एवढ्या आया शिरीस व्हत्यात की पलटणीचा इस्वास उडालाय. तार गेली की तितला सायब जिल्ह्याला इचारतो, खरं का खोटं. जिल्ह्यावरनं आमच्या बिनतारीवर येतंय. मग मी घरी जाऊन बगतो आन बिनतारीवरच कळवतो."

माझ्या तारेला याचा वाराही लागला नव्हता. तार जात होती माझ्या वाटेनं आणि तिची खातरजमा येत होती भलत्याच वाटेनं. मी आपला माझेच खांब धुंडाळत बसलो होतो.

"मग तुम्ही गेला होता तिच्या घरी?"

"गेलो हुतो की. पयल्या तारेला. दुसरीला कुनी इचारलंच न्हाई, एकदा खोटी ठरली म्हंजी ठरली."

"आणि तुम्ही ठणठणीत म्हणून कळवलं? डोळे फुटले होते? पाय बघितले नाहीत तिचे?"

तो दुखावला. चहाचा कप खाली ठेवला. "पायावर वाकळ हुती, मास्तर. लेक पान्याला गेलती. म्हातारी दारात बसली हुती. मी इचारलं, आजी, बरं न्हाई व्हय? तर मलाच म्हनाली, मला काय धाड भरलीया? ठनठनीत हाय मी! आता मानूस सवता तोंडानं सांगतंय म्हटल्यावर मी काय करावं?"

मी तिथून निघालो तो थेट तिच्या दारात. पाऊस थांबला होता, ती उंबऱ्यावर होती. मुलगी आत चुलीपाशी. मी उभ्यानंच विचारलं, "आक्का, पोलीस आला होता का तुमच्याकडे?"

"व्हय, आला हुता की." तिच्या तोंडावर जरा तरतरी आली. "खाकी बगून भ्यालेच मी. म्हटलं, पोरानं तिकडं कायतरी करून ठेवलं आसंल. न्हाईतर पोलिस कशाला यील आमच्यासारख्याच्या दारात? इचारतोय कसा, बरं न्हाई व्हय. म्या म्हनलं, ठनठनीत हाय. दारात आलेल्या खाकीफुडं काय रडगानं गायचं? आळीनं बगितलं असतं. आन तिकडं पोराला कुनी दाबाय लागलं, तर आय खंबीर हाय हे कळाय नको व्हय?"

"हिला का नाही सांगितलंत?" मी मुलीकडे बोट केलं.

"उगं तिला घोर."

मुलगी चुलीपासून उठून दारात आली होती. तिला कळलं. तिनं तोंडाला पदर लावला आणि मला नको नको अशी मानेनं खूण केली. सांगू नका म्हणून.

मी सांगितलं. माझा स्वभावच तसा. पण रागानं नाही सांगितलं, हे मला आजही ठामपणे म्हणता येतं. आळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ती 'इसरलं' म्हणायची, ते मला सोसवत नव्हतं. मी तिच्यापुढं उकिडवा बसलो आणि पहिल्यापासून सांगितलं. तार गेली, पोचली, साहेबानं विचारलं, पोलीस आला, तुम्ही ठणठणीत म्हणालात, ते तिकडे गेलं, आणि तुमच्या पोराला सांगितलं गेलं की आई बरी आहे, घरच्यांनी खोटं कळवलं.

 मला वाटलं आता छाती बडवून घेईल. ती म्हणाली, "म्हंजी त्यो इसरला न्हाई?"

"नाही."

"माज्यामुळंच आडला?"

मी मान हलवली.

"मंग बरं झालं बाई," ती म्हणाली आणि खरंच हसली. दात नसलेलं, तोंडभर हसली. "मी आपली उगं त्या लेकराला शिव्या घालीत बसले. ए पोरी, ऐकलंस का? त्यो न्हाई इसरला. म्याच आडवला त्याला." ती हे शेजारणीलाही हाक मारून सांगायला लागली. मुलगी भिंतीला टेकून रडत होती. मी उठलो आणि माझ्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं, कारण मलाही आवरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरचा दाखला घेऊन मी आणि हवालदार जिल्ह्याला बिनतारीवर कळवून आलो. तो बिचारा स्वतःहून आला, गुडघ्यांची तक्रार न करता. या वेळी योग्य वाटेनं योग्य शब्द गेले. पोराला रजा मिळाली, तशी तारही आली: निघालो आहे. मी धावत जाऊन म्हातारीला वाचून दाखवली. तेव्हा ती खाटेवर होती, बसता येत नव्हतं. तिनं तो कागद उशाखाली ठेवायला सांगितला. पण उत्तरेकडून आमच्या खोऱ्यात यायचं म्हणजे आगगाडी, दुसरी आगगाडी, कराड, मग एस.टी., आणि त्यात घाटात दरड आलेली. हलत नाही म्हणाली होती, तशी ती खूप थांबली. एका सकाळी थांबणं जमलं नाही. तोंडात पाणी मुलीनं घातलं. अग्नी चुलतभावानं दिला.

पोरगा आला तेव्हा राख सावडून झाली होती. उंचापुरा, ट्रंक खांद्यावर, चिखलानं भरलेला. आल्या आल्या तो उंबऱ्यावर बसला आणि त्याला कुणी आत न्यायला गेलं तर उठेना. मी गेलो. मला वाटलं होतं, मला चार शिव्या घालेल. त्यानं सांगितलं ते ऐकण्यापेक्षा शिव्या बऱ्या होत्या.

"मास्तर, सायबानं रांगेत उबं करून सांगितलं, तुजी आय ठनठनीत हाय, घरनं खोट्या तारा करवतुयास. सगळी हसली. लय लाज वाटली. पन खरं सांगू का? बरं वाटलं. आय ठनठनीत हाय म्हनून त्या रातीला पोटभर जेवलो मी."

मी त्याची ट्रंक उचलून आत नेऊन ठेवली. 

तेराव्यापर्यंत रजा पुरत नव्हती. त्याला ती वाढवून हवी होती. तार मीच लिहिली: 'मदर एक्स्पायर्ड, एक्स्टेंड लीव्ह.' पुढे काय होणार ते आता मला पाठवतानाच ठाऊक होतं.

झालंही तसंच. एकदा खोट्या तारेचा शेरा पडलेलं नाव, तिकडून पुन्हा विचारणा आली. दोन दिवसांनी हवालदार आळीत शिरला. मी पोराजवळच बसलो होतो. मुंडण केलेलं डोकं, अंगावर पंचा, बसलेला त्याच उंबऱ्यावर. हवालदारानं टोपी काढली. त्याचा पाय पुढं येईना.

"रागवू नगा," तो खाली बघत म्हणाला. "वरनं आलंय. नियम हाय, घरच्याच्या तोंडनं ऐकावं लागतंय. म्हातारी... खरंच गेली न्हवं?"

पोरानं मान वर केली. आवाज चढवला नाही.

"तिलाच इचारा की, हवालदार. मागल्या खेपेला तिलाच इचारलं हुतं न्हवं?"

हवालदार टोपी हातात धरून पावसात उभा राहिला. शेवटी आतून मुलगी आली, तिनं 'व्हय, गेली' म्हणून सांगितलं आणि तो ते कळवायला ठाण्याकडे गेला.